टिल्लूचं रक्त तपासा

१२ जून

वहिनी,

निरोप पोचला. "पोरीला वळण लागेपर्यंत तिला या घरात आणायचं नाही." हा निरोप तुमचा की मामंजींचा, असं मी यांना विचारलं. हे बुटांच्या नाड्या सोडत, मान खाली घालून म्हणाले, "सगळ्यांचाच." छान. त्या घरात आंघोळीला आधी कुणी जायचं यावर कधी एकमत झालं नाही, पण माझ्या साडेपाच वर्षांच्या मुलीला हाकलायचं म्हटल्यावर झालं.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून लिहितेय. घरच्या पत्त्यावर पाठवलं असतं तर बायकोचं पत्र म्हणून भाऊजींनी आधी वाचलं असतं आणि मग सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं असतं. म्हणून तुमच्या विमा ऑफिसच्या पत्त्यावर.

भिंगरी टिल्लूला चावली. हो, चावली. त्याच्या दंडावर दात उमटले, रक्त आलं. मी कुठे नाही म्हणतेय? दीड वर्षाचं लेकरू ते, माझ्याही मांडीवर झोपलंय. पण पुढचं तुम्ही पाहिलं नाहीत, की पाहून न पाहिल्यासारखं केलंत, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. मामंजींनी तिच्या अशी थोबाडीत मारली की ती जिन्याच्या कठड्यावर जाऊन आपटली. आणि ती रडली नाही. तिथेच बसून कठड्याचा सुटलेला रंग नखाने उकरून तोंडात घालायला लागली. भाऊजी म्हणाले, "बघा, हिला काही वाटतच नाही. दगड आहे दगड." मग गाडी नेहमीप्रमाणे माझ्यावर आली. आई दिवसभर लोकांच्या खिडक्यांना पडदे लावत फिरते, स्वतःच्या पोरीकडे बघायला तिला वेळ कुठे आहे?

आणि तुम्ही टिल्लूच्या दंडावर ओला रुमाल धरून म्हणालात, "मला माझं मूल सुरक्षित हवंय."

मलाही हवंय, वहिनी. माझंही मूलच आहे ते.

आम्ही लाँड्रीच्या वरची एक खोली घेतली आहे. खाली दिवसभर इस्त्र्या चालू असतात, त्यामुळे फरशी पायाला कोमट लागते. हे सकाळी तुमच्याच खालच्या वर्कशॉपला जातात आणि संध्याकाळी मेलेल्या चेहऱ्याने परत येतात. वडिलांविरुद्ध बोलायचं नाही आणि बायकोविरुद्धही बोलायचं नाही, असं ठरवल्यामुळे त्यांच्या तोंडाला कुलूपच लागलंय.

एक आठवण करून देते. आम्ही तुमच्याकडे वरच्या खोलीत राहायला आलो तेव्हा भिंगरी तीन वर्षांची होती. तुम्हीच म्हणायचात, "ही पोरगी रेडिओ गिळून आली आहे." ऑफिसातून आल्यावर तुम्ही चप्पल काढायच्या आत ती तुम्हाला दिवसभराच्या बातम्या द्यायची. मामंजी शिंकले की घाबरून कोण उडालं, हेसुद्धा. ती मुलगी आता बोलत नाही. बोलली तर "नाही" म्हणते, नाहीतर किंचाळते. तुम्ही सगळे म्हणता बिघडली. बरं, बिघडली. पण वस्तूसुद्धा बिघडली की माणूस आधी उघडून बघतं, का बिघडली ते. तुमच्या घराचा तर धंदाच दुरुस्तीचा आहे.

२९ जून

वहिनी,

तुमची चिठ्ठी मिळाली. दोनच ओळी. "आम्हालाही मूल आहे. जरा धाक ठेव."

धाक! ऐका, धाकाचं काय झालं ते.

शाळेतून तिचं नाव काढलं. बाईंच्या चष्म्याची काडी मोडली, एका मुलाच्या अंगावर पाण्याची बाटली फेकली, प्रार्थनेच्या वेळी भिंतीवर डोकं आपटत राहिली. मुख्याध्यापिकांनी मला बोलावून घेतलं आणि खुर्ची न देता विचारलं, "घरात भांडणं आहेत का?" मी म्हटलं, "कुठल्या घरात नाहीत?" तेही माझ्याच खात्यावर पडलं. "आई उर्मट आहे, मग मुलगी दुसरं काय शिकणार," असं मी दाराबाहेर पडण्याआधीच त्या बालवर्गाच्या बाईंना म्हणाल्या. हळू बोलण्याची तसदीसुद्धा घेतली नाही.

मग डॉक्टर. पहिले डॉक्टर आपल्या कोपऱ्यावरचे, सारखा पँटचा पट्टा वर ओढणारे. मी सांगितलं, पोट धरून बसते, खात नाही, शौचाला चार चार दिवस होत नाही, रागाला आली की चावते. ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "एकुलती एक ना? लाडावलेली असते. दुसरं होऊ द्या, आपोआप सरळ होईल." पोट साफ व्हायचं औषध लिहून दिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. भिंगरी तेवढ्यात त्यांच्या खिडकीच्या चौकटीला तोंड लावून बसली होती. त्यांनी पाहिलं. म्हणाले, "बघा, घरी शिस्त नाही."

मग तुमच्या ऑफिसातल्या बाईंनी सुचवलेल्या त्या समुपदेशक. खोली छान होती. भिंतीवर हसरे सूर्य. त्यांनी भिंगरीला एक तक्ता दिला, चांगलं वागली की चमकणारा तारा चिकटवायचा. आठवडाभराने विचारलं, "किती तारे मिळाले?" मी म्हटलं, "मिळाले तेवढे तिने खाल्ले." त्या हसल्या. मीही हसले, खोटं कशाला सांगू. मग त्या म्हणाल्या, "लक्ष वेधून घ्यायची ही तिची पद्धत आहे. तुम्ही कामावर असता ना, त्याचा राग आहे तिच्या मनात."

म्हणजे फिरून फिरून मीच. मी विचारलं, "आणि पोटदुखी?" त्या म्हणाल्या, "शाळा नको असली की मुलांचं पोट दुखतं." मी म्हटलं, "शाळेने हाकललंय तिला. आता पोटाला कुणी कळवायचं?" त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

मी चिडले म्हणून मीच वाईट दिसते, हे मला कळतं. पण वहिनी, इतक्या शिकलेल्या माणसांपैकी एकानेही तिच्या पोटाला हात लावून बघितलं नाही. एकानेही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

परवा ती माझ्याबरोबर दुकानात होती. मी कापड कापत होते. तिने टेबलाखाली बसून पडद्याच्या कड्यांची माळ केली आणि मग कारण नसताना सगळी भिरकावली. मी ओरडायला वाकले तर ती दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरून बसलेली. कितीतरी दिवसांनी पूर्ण वाक्य बोलली, "आई, मी असं का करते?"

तुम्हीच उत्तर लिहून पाठवा. दोन ओळींत बसवा.

१८ जुलै

वहिनी,

हे पत्र पूर्ण वाचा. माझा राग येऊ दे, पत्र फाडून टाका, पण आधी वाचा.

दुकानाच्या मालकीणबाईंच्या नात्यातल्या एक डॉक्टर मुलांच्या मोठ्या हॉस्पिटलात आहेत. त्यांच्याकडे गेले. बारीक कापलेले केस, आवाज खरखरीत, गोड बोलणं अजिबात नाही. मला वाटलं, चला, आणखी एक शाळामास्तरीण. पण त्यांनी भिंगरीला टेबलावर झोपवून पोट चाचपलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, गुडघ्यावर ठोकलं. मग मला विचारलं, "माती, रंग, चुना, असलं काही खाते?"

मी म्हटलं, "सगळंच खाते. जेवण सोडून."

"किती दिवसांपासून?"

"दोन वर्षं झाली असतील."

"त्याच्या आधी काय बदललं? घर? शाळा? माणसं?"

"सासरी राहायला गेलो. वरच्या मजल्यावर."

"आणि खाली?"

"खाली आमचं वर्कशॉप आहे. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या दुरुस्त करतात."

त्यांचं पेन थांबलं. "फोडतात? आतल्या प्लेटा वितळवतात?"

मी म्हटलं, "हो. मागच्या अंगणात भट्टी आहे." मग त्या एकेक विचारत गेल्या आणि मी सांगत गेले. वडील कामाच्याच कपड्यांवर तिला उचलून घेतात का? घेतात, आल्या आल्या. ते कपडे कुठे धुता? सगळ्यांचे एकत्र, मोरीत. मुलगी कुठे खेळते? जिन्याखाली, जुन्या प्लेटांची पोती ठेवतात तिथे. त्यांतून सांडलेली करडी भुकटी ती बोटाने फरशीवर पसरून चित्रं काढायची. मामंजीच कौतुकाने म्हणायचे, बघा, आमची चित्रकार. आठवतंय ना तुम्हाला?

रक्त घेतलं. काल निकाल आला.

तिच्या रक्तात शिसं आहे, त्या बॅटऱ्यांच्या प्लेटांमधलं. थोडं नाही. डॉक्टर म्हणाल्या, खरं तर मुलाच्या रक्तात ते मुळीच नको, आणि हिच्यात इतकं आहे की आजच दाखल करायचं. शिसं पोटात कळा आणतं, शौच कोंडतं, रक्त कमी करतं. रक्त कमी झालं की मुलाला माती-रंग खावासा वाटतो, आणि खाल्लं की आणखी शिसं आत जातं. आणि ते मेंदूला लागतं, वहिनी. बोलणं मागे पडतं, झोप उडते, राग आवरत नाही. मूल चावतं, डोकं आपटतं. डॉक्टरांनी माझ्यासमोर बोटांवर हे सगळं मोजलं आणि मला वाटलं, या बाई आपल्या घरात लपून बसल्या होत्या की काय.

मी विचारलं, "म्हणजे ती वाईट मुलगी नाही?"

त्यांनी पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "तिला विषबाधा झाली आहे, बाई."

आता मुद्द्याचं. मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाच्या अंगात ते फार लवकर भिनतं. टिल्लू रांगतो, भिंती धरून चालतो, हात तोंडात घालतो. तुम्हीच मागे म्हणाला होतात, हल्ली सारखा किरकिरतो, दात येत असतील. दातच असतील. देव करो आणि दातच असोत. पण त्याचं रक्त तपासा. माझ्याशी आयुष्यभर बोलू नका, पण टिल्लूचं रक्त तपासा.

२७ जुलै

वहिनी,

तुमच्याकडून उत्तर नाही. यांनी वर्कशॉपमध्ये निकाल सांगितल्यावर भाऊजी मात्र आले होते.

हॉस्पिटलात नाही हो, दुकानात. गिऱ्हाईक समोर असताना. नवीन घर घेतलेलं एक जोडपं पिवळा घ्यायचा की निळा यावर हसत खिदळत होतं, आणि हे दारात उभे राहून म्हणाले, "आमच्या घराला विषाचं दुकान म्हणायला तुला लाज वाटत नाही?" त्या जोडप्याने काहीच घेतलं नाही. मालकीणबाई उघडलेली थानं स्वतःच गुंडाळायला लागल्या, ते जास्त लागलं.

मी त्यांना रक्ताच्या निकालाचा कागद दाखवला. ते म्हणाले, "लॅबवाले काहीही लिहितात." मी म्हटलं, "मग टिल्लूचंही लिहवून घ्या. खोटंच असेल तर काय बिघडतं?" त्यावर त्यांनी मामंजींचा निरोप सांगितला. "या हातांनी मी जन्मभर शिसं ओतलंय. मी मेलो का?"

नाही मेले. पण त्यांचा उजवा हात थरथरतो, चहाची बशी वाजते आणि आपण सगळे ती न वाजल्यासारखं करतो. त्यांचं पोट दुखतं म्हणून ते वर्षानुवर्षं कसल्यातरी पुड्या फाकतात. आणि त्यांचा संताप! आपण दोघी त्यांच्या पावलांच्या आवाजावरून ठरवायचो, आज समोर जायचं की नाही. मी ते डॉक्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, शिसं असू शकतं, स्वभावही असू शकतो, तपासल्याशिवाय कसं सांगू. यांचं रक्त तपासलं, त्यातही निघालं. हे हॉस्पिटलच्या बाकावर बसून कितीतरी वेळ स्वतःच्या तळहातांकडे बघत होते. मग म्हणाले, "याच हातांनी तिला घास भरवायचो."

भिंगरीला शिसं बाहेर काढायच्या कॅप्सूल देतात. सडक्या अंड्याचा वास येतो. पहिल्या दिवशी तिला तिघींनी धरावं लागलं. तिने नर्सबाईंचा हात ओरबाडला. मी माफी मागायला लागले तर त्या म्हणाल्या, "अहो, आजारी मूल ओरबाडणारच." इतकं साधं वाक्य. ते आपल्या घरात एकालाही सुचू नये? मी संडासात जाऊन नळ सोडून ठेवला आणि तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं.

आता जे लिहिते ते तुम्हाला माझ्याकडूनच कळावं असं वाटतं. डॉक्टरांनी विचारलं, त्या घरात आणखी लहान मूल आहे का? मी हो म्हटलं. त्यांनी पत्ता विचारला. मी दिला. आरोग्य खात्याची माणसं येतील, भट्टी बघतील, फरशीवरची धूळ घेऊन जातील. भाऊजी म्हणतील, घरभेदी निघाली. म्हणू देत. यांनीही काल पहिल्यांदा आवाज चढवला, "माझ्या बापाचा धंदा बंद पाडशील." मी म्हटलं, "तुमच्या बापाच्या धंद्याने माझ्या मुलीचं बोलणं बंद पाडलं." त्यावर ते बाहेर गेले. परत आले तेव्हा वॉर्डाबाहेरच कामाचे कपडे बदलून पिशवीत भरले, हातपाय धुतले, आणि मग तिच्या खाटेजवळ गेले.

तुमचं काय ठरलंय? पोरापेक्षा सासऱ्यांची इभ्रत मोठी आहे का? तसं असेल तर स्पष्ट लिहा. दोन ओळी तुम्हाला छान जमतात.

११ ऑगस्ट

वहिनी,

परवा हॉस्पिटलच्या बाकावर आपण इतका वेळ शेजारी बसलो आणि धड चार शब्द बोललो नाही. म्हणून लिहितेय.

तुम्ही टिल्लूला कडेवर घेऊन दुकानात आलात तेव्हा मी शिडीवर चढून दांडी बसवत होते. तुम्ही वर बघून एवढंच म्हणालात, "कुठे न्यायचं याला?" मी शिडीवरून कशी उतरले मला आठवत नाही. मी खूप बोलणार होते हो. महिनाभर मनात वाक्यं घासून ठेवली होती. पण तुमची ओढणी एका खांद्यावरून लोंबत होती, पायात दोन वेगळ्या चपला होत्या. मी फक्त पर्स उचलली.

रस्त्यात तुम्ही सांगितलंत की तो दोन दिवस ओकतोय, आणि सकाळी त्याने जिन्याच्या कठड्याचा रंग उकरून खाल्ला. "तुझ्या भिंगरीसारखा," म्हणालात. मग म्हणालात, "मी पत्रं सगळी वाचली होती. पहिल्या दिवसापासून मला भीती वाटत होती. पण तपासलं असतं तर खरं ठरलं असतं."

हे मला समजतं. समजतं, पण चीड येते. ती भीती तुम्ही आम्हाला का नाही सांगितलीत? मी एकटी घाबरत होते, तुम्ही एकट्या घाबरत होता, आणि तिकडे पुरुष माणसं निवांत भट्टी पेटवत होती.

निकाल तुमच्यासमोरच आला. त्याच्या रक्तातही आहे, पण भिंगरीपेक्षा कितीतरी कमी. लवकर कळलं. डॉक्टर म्हणाल्या, त्या घरातून बाहेर काढा, लोह द्या, नीट खाऊ घाला, पुन्हा तपासू. कॅप्सूलची गरज नाही. तुम्ही माझा हात इतका घट्ट धरलात की बांगडी रुतली. मला आनंद झाला, वहिनी. मनापासून झाला. आणि त्याच क्षणी दुसरंही काहीतरी झालं, तेही सांगून टाकते. मला वाटलं, माझ्या मुलीचं दोन वर्षं कुणाला कळलं नाही म्हणून तुमच्या मुलाचं तीन आठवड्यांत कळलं.

मी विचारलं होतं डॉक्टरांना, भिंगरी पूर्ण बरी होईल का. त्यांनी थाप मारली नाही. रक्तातलं उतरेल, पण हाडांत साठलेलं हळूहळू बाहेर येत राहील. राग कमी होईल, पोट दुखायचं थांबेल. बोलणं, शिकणं, त्यातलं किती परत येईल ते आज सांगता येणार नाही. काही कदाचित येणारच नाही.

आणि तुम्ही निघताना काय म्हणालात? "घरी काही बोलू नकोस, मी सर्दीचं औषध आणायला गेले होते असं सांगणार आहे." त्या वेळी तुमच्या कडेवर मूल होतं म्हणून मी काही बोलले नाही. आता बोलते. सर्दी नाही. शिसं. त्या घरातल्या प्रत्येकासमोर हा शब्द उच्चारा. माझ्या मुलीला सगळ्यांदेखत वाईट म्हटलंत ना? मग हेही सगळ्यांदेखत म्हणा.

६ ऑक्टोबर

वहिनी,

तुमचं लांबलचक पत्र मिळालं. इतकं लांब तुम्ही लिहू शकता हे मला माहीतच नव्हतं.

तर तुम्ही सांगितलंत. जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर. भाऊजींनी ताट सरकवलं आणि तुम्ही टिल्लूला घेऊन माहेरी निघून गेलात, भट्टी त्या अंगणातून हलेपर्यंत येणार नाही म्हणून. मी ते वाचताना लाँड्रीच्या जिन्यात उभी होते. मोठ्याने हसले. खालचा इस्त्रीवाला बाहेर येऊन बघून गेला. तुमच्यात हे कुठे दडलं होतं?

आरोग्य खात्याच्या नोटिशीने जे झालं नसतं ते तुमच्या बॅगेने झालं, असं हे म्हणतात. भट्टी गावाबाहेरच्या शेडमध्ये गेली, खालची जमीन खरवडून काढली, जिना घासला, रंग बदलला. आणि तुम्ही लिहिलंय, "आता घर स्वच्छ आहे. तुमची खोलीही रंगवली आहे. परत या."

आधी भिंगरीचं सांगते. चावणं थांबलंय. चिडते अजून, पण चिडून झाल्यावर कुशीत येते, आधी यायची नाही. जेवते. आकडे शिकवायला गेलं की वैतागते, काल जमलेलं आज जमत नाही, मग वही फेकते. तिच्या वयाची मुलं वाचायला लागली आहेत. शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला होता, "शांत झाली असेल तर परत घ्यायचा विचार करू." मी म्हटलं, "तुम्ही विचार करत बसा." दुसरी शाळा शोधतेय. तिथल्या बाईंना आधीच सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघू, हळूहळू घेऊ." त्या मला आवडल्या.

आता दुसरं. मामंजी आले होते, परवा. तुम्हाला सांगितलं नसेल. कुणालाच सांगितलं नसेल.

जिन्यावर पावलं वाजली आणि माझ्या अंगावर काटा आला, सवयीने. दार उघडलं तर दम लागून उभे. हातात काही नाही. मी बाजूला झाले, पण "या" म्हटलं नाही. भिंगरी फरशीवर बसून पडद्याच्या कड्या रंगांप्रमाणे वेगळ्या करत होती. ती आधी माझ्या मागे आली. मग थोडी पुढे गेली. मामंजींना खाली बसायला वेळ लागला. गुडघे धरत धरत बसले.

म्हणाले, "मी तुला मारलं होतं."

भिंगरी म्हणाली, "हो. जोरात."

"जोरात," मामंजी म्हणाले.

"मी पण टिल्लूला चावले."

"तू आजारी होतीस."

तिने विचार केला. आपल्याला ठाऊक आहे, हल्ली तिला विचार करायला वेळ लागतो. मामंजी थांबले. वहिनी, ते थांबले, मी पाहिलं. मग तिने विचारलं, "तुम्ही पण आजारी होता?"

त्यांच्या रक्तातही शिसं निघालं, ते तुम्ही लिहिलंच आहे. ते नुसतं हो म्हणू शकले असते. सगळा संताप, सगळी मारझोड, सगळं शिशावर ढकलून मोकळे झाले असते. मी वाटच बघत होते की म्हणतील, आणि मग मी त्यांना जिन्यावरून खाली घालवीन.

ते म्हणाले, "हो, होतो. पण मी मोठा होतो."

भिंगरीने त्यांच्या हातात निळ्या कड्या दिल्या आणि स्वतः पिवळ्या घेतल्या. त्यांच्या थरथरत्या हातात कड्या किणकिणत होत्या. ती ऐकत बसली.

मी त्यांना पाणी दिलं. चहा विचारला नाही. तुम्ही असता तर विचारला असता. पण माझ्या हाताने तेव्हा तेवढंच झालं.

वहिनी, आम्ही परत येणार नाही. यांनी बसच्या डेपोत काम धरलंय, पुढच्या महिन्यापासून. तिथे बॅटऱ्यांना हात लावायचा नाही, ते विचारूनच मी होकार दिला. मामंजी आले, बोलले, ते मी विसरणार नाही. तुम्ही बॅग उचललीत, तेही नाही. पण भाऊजी अजून आले नाहीत. ते पट्टा ओढणारे डॉक्टर, त्या ताऱ्यांचा तक्ता देणाऱ्या बाई, कुणाच्याही तोंडून चुकलं असा शब्द आला नाही, येणारही नाही. माझ्या मुलीला दोन वर्षं दुखत होतं आणि प्रत्येक जण तिला गप्प बस म्हणत होता. त्या दोन वर्षांना रंगाचा हात देता येत नाही.

तुम्ही म्हणाल, अजून राग धरून बसली आहे. आधी लिहिणार होते की राग म्हणून नाही, जागा सोयीची आहे, दुकान जवळ आहे. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? राग म्हणूनच येत नाही.

तुम्ही मात्र या. टिल्लूला घेऊन, रविवारी. भिंगरीने विचारलंय, काकू अजून माझ्यावर रागावली आहे का. मी तिला म्हटलं, ती येईल तेव्हा तूच विचार.

उत्तर तयार ठेवून या.